न फिटलेली सावड

आमच्या पाटण खोऱ्यात सावड नावाची एक रीत होती. अजूनही कुठं कुठं ती तग धरून आहे. भात लावणीच्या दिवसांत एका घरच्या माणसांनी काम आटपत नाही. पाऊस लागून राहिलेला असतो, तरवा वाढून पिवळा पडायला लागतो, खाचरात चिखल तयार असतो आणि हात कमी पडतात. मग चार घरं एक होतात. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. पैसे द्यायचे नाहीत की घ्यायचे नाहीत. ज्याच्या रानात काम, त्याच्या घरची भाकरी. हिशेब कुणी लिहून ठेवत नाही, पण तो चुकतही नाही. ‘त्येंची दोन माणसं आपल्याकडं तीन दिस आली हुती’ हे घरातल्या बाईला तोंडपाठ असतं, आणि ते दिवस फेडल्याशिवाय पुढच्या साली त्या घराच्या दारात जायला तिचा पाय उचलत नाही.

सावडीचे नियम दोनच. माणूस धरायचं तर आधी त्याला विचारायचं. शेजाऱ्यानं शेजारणीचा दिवस परस्पर तिसऱ्याला देऊन टाकायचा नाही. आणि घेतलेला दिवस दिवसानंच फेडायचा. नुसत्या ‘लई उपकार झालं’नं तो फिटत नाही.

हे नियम हाताशी धरून मी पुष्कळ वर्षं एका प्रश्नाभोवती फिरतो आहे. गिरणीत संप होतो तेव्हा जी भाकर कमी पडते ती कुणाची असते? जी भाकर आपली नाही ती देऊन टाकायचं आपण ठरवलं, तर त्याला त्याग म्हणायचं का?

प्रश्न जुना आहे आणि आमच्या घरातला आहे. पण तो एकट्या घराचा नाही, म्हणून आधी थोडं मुंबईकडं जावं लागेल.

मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या तेव्हापासून आमच्याकडची माणसं तिकडं जायला लागली. आम्ही साताऱ्याकडचे घाटी, तर सह्याद्रीच्या पलीकडचे रत्नागिरीचे कोकणी. जमीन थोडी, भाऊ जास्त, सारा रोख भरायचा आणि सावकाराचं देणं कधी न संपणारं. एकानं मुंबईला जावं, बाकीच्यांनी रान धरावं, अशी घराघरानं वाटणी केली होती. गेलेला माणूस गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायचा. एका खोलीत पंधरा-वीस माणसं, पाळी बदलली की झोपणारा बदलायचा. जेवण खाणावळवाल्या बाईकडं. महिन्याला पगार झाला की गावाकडं मनिऑर्डर.

या माणसांनी इंग्रजी अमलात काय काय केलं ते आता पुस्तकांत आलं आहे, आणि ते यायलाच पाहिजे होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली त्यांना एकत्र आणलं, साडेपाच हजार कामगारांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज केला, आणि शेवटी १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली. आज आपण रविवारी उशिरा उठतो ते त्या अंगठ्यांच्या जिवावर. पुढं २२ जुलै १९०८ ला लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा याच लोकांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. वर्षाला एक दिवस, असा तो हिशेब सांगतात. रस्त्यावर लष्कर आलं, गोळ्या सुटल्या, माणसं मेली. पगार वाढावा म्हणून तो संप नव्हता. ज्याच्या जिवावर आपण उद्या बोलू शकू असं त्यांना वाटत होतं, त्या माणसाला नेलं म्हणून त्यांनी हात बांधून घेतले.

आणि मग १९२८. हा सगळ्यात लांबलेला. गिरणीमालकांनी नवा कारभार काढला होता. दोन साचे चालवणाऱ्या विणकरानं तीन चालवायचे, कताईत एका माणसानं दुप्पट काम सांभाळायचं. हातात चार पैसे जास्त येतील, पण तिघांतला एक घरी जाईल, असा त्याचा सरळ अर्थ होता. २६ एप्रिल १९२८ पासून जवळजवळ सगळ्या गिरण्या बंद झाल्या. दीड लाखाच्या आसपास माणूस बाहेर आला. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर आणि मवाळ पक्षाचे ना. म. जोशी असे वेगवेगळ्या विचारांचे लोक एका संप समितीत बसले. ४ ऑक्टोबरला तडजोड झाली, न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमायचं ठरलं आणि माणसं कामावर गेली. पाच महिन्यांवर दिवस.

माझा आजा त्या दीड लाखांतला एक. साचेखात्यात होता. त्याचा एक फोटोसुद्धा आमच्याकडं नाही. पण संपात होता ही गोष्ट घरात अशी सांगितली जायची की जणू त्यानं किल्लाच सर केला. चुलते सांगायचे, वडील सांगायचे, गावातले म्हातारे सांगायचे. ‘बाप्यानं पाच म्हैनं पोटाला चिमटा काढला, पर मालकाम्होरं वाकला न्हाई.’

पोटाला चिमटा. हा शब्द मला अडायचा. कारण पाच महिने खाल्लं काय, हे कुणी सांगायचं नाही.

१९७४ साली मे महिन्यात रेल्वेचा देशभर संप चालू होता. मी तेव्हा कराडला शिकत होतो आणि संप या विषयावर फार बोलायचो. सुट्टीला घरी आलो होतो. आजी तांदूळ निवडत बसली होती. मी तिला म्हणालो, “आज्ये, आज्याच्या येळंचा संप कसा हुता गं?”

ती म्हणाली, “कुठला? तेनी केलेला का आमी केलेला?”

मला आधी समजलं नाही. मग तिनं सांगायला घेतलं, ते थांबत थांबत दोन दिवस चाललं.

संप लागल्यावर पुष्कळ गाववाले मुंबईतनं निघाले. आगोट लागायच्या आत निघायला पाहिजे होतं, कारण पावसाळ्यात बोटी बंद होतात. आजा दाभोळच्या बोटीनं आला आणि चिपळूणवरनं कुंभार्लीचा घाट चढून चालत घरी पोचला. अंगावरचे कपडे आणि एक कळशी, एवढंच सामान. मुंबईत बसून खायचं तर खाणावळीत उधारी चढणार. म्हणून युनियनवाल्यांचंही तेच म्हणणं पडलं असणार की ज्यांना गाव आहे त्यांनी गावी जावं. नांगरटीला घरात एक गडी जास्त झाला, हे खरं. पण ताटावर एक माणूस जास्त झालं आणि मनिऑर्डर बंद झाली.

आता आमच्याकडचं वर्ष कसं फिरतं ते शेतकऱ्याला सांगायला नको, पण शहरातल्या वाचकासाठी सांगतो. भात-नाचणी दिवाळीच्या सुमाराला घरात येते. ती कणगीत भरायची आणि वर्षभर पुरवायची. जेठापर्यंत कणगी अर्धीमुर्धी होते. आषाढ-श्रावणात हात खाली घालावा लागतो. भादव्यात तळ खरडला जातो. म्हणजे वैशाखात चालू झालेला आणि भादव्यात संपलेला हा संप बरोबर त्या महिन्यांत पडला, ज्या महिन्यांत घरात दाणा सगळ्यात कमी आणि रानात काम सगळ्यात जास्त असतं. मनिऑर्डरीचे पैसे एरवी याच दिवसांत उपयोगी पडायचे.

“मग काय केलं?” मी विचारलं.

“काय करनार? भाकरी थापताना गोळा ल्हान घ्याचा. बापयं आदी, प्वारं मागनं, मग सासू. माझ्या वाटंला पेज. टाकळा हाय, कुर्डू हाय, भारंगी हाय. रानात काय कमी हाय का? पर लावनीला वाकलं की डोळ्याम्होरं काजवं चमकायचं.”

लावणी उरकल्यावर आजा मुंबईला परत गेला. संप चालूच होता. गिरणीच्या दारावर उभं राहायला माणसं पाहिजे होती, नवी भरती अडवायची होती. त्याच्या कराड ते मुंबई तिकिटासाठी घरातलं एक शेरडू विकलं. जाताना आजीनं बियाण्याला राखलेल्या नाचणीतली काही काढून त्याच्याबरोबर दिली. गावच्या खोलीत मागं राहिलेले सात-आठ जण होते. ते तरी काय खात असतील, म्हणून. त्या खोलीत असं कुणाकुणाच्या घरचं धान्य पोचलं, आणि त्यावर ती माणसं दारावर उभी राहिली.

संपाला बाहेरूनही मदत आली होती. रशियातल्या कापड कामगारांनी पैसे पाठवले होते. पुढं मार्च १९२९ मध्ये पुढाऱ्यांना पकडून मेरठला खटला भरला, तेव्हा त्या परदेशी पैशाचा सरकारी वकिलांनी कीस काढला. त्यामुळं तो पैसा कायमचा कागदावर राहिला. आमच्या कणगीतली नाचणी कुठल्या कागदावर येणार? सरकारला ती दिसली नाही, आणि युनियनच्या वहीत तिला रकाना नव्हता.

हे ऐकल्यापासून मला दोन गोष्टी एकदम दिसायला लागल्या, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत.

पहिली अशी की मालकाला मजूर स्वस्त पडत होता तो गावामुळं. गिरणीचा पगार एका माणसाला मुंबईत जगवण्याइतका आणि वर थोडा. त्याची बायको, पोरं, म्हातारे आईबाप यांना दाणा गावातलं रान देत होतं. तो आजारी पडला की गावी यायचा, म्हातारा झाला की गावी यायचा. त्याला वाढवलं कुणी? गावानं. निकामी झाल्यावर सांभाळलं कुणी? गावानं. यातलं काहीच मालकाच्या खर्चात येत नव्हतं. म्हणजे आमच्या खोऱ्यातल्या बाया गिरणीचं दार न बघता गिरणीत राबत होत्या, बिनपगारी.

दुसरी गोष्ट अशी की संप टिकला तोही गावामुळं. मालकाचं गणित होतं की महिनाभरात पोटं चिकटतील आणि माणसं परत येतील. ती आली नाहीत. ज्या रानानं मजुरी स्वस्त केली, त्याच रानानं मजुराला मालकापुढं ताठ उभं राहण्याइतका दम दिला. मालकाचा नफा आणि कामगाराचा लढा, दोन्ही एकाच कणगीतनं निघत होते. ती कणगी भरणारणीचं नाव दोन्हीकडं नाही.

मग आता मूळ प्रश्नाकडं येऊ. चौपाटीच्या, परळच्या सभेत माझ्या आज्यानं संपासाठी हात वर केला, तेव्हा त्या हातात त्याचा एकट्याचा घास नव्हता. आजीचा होता, त्या वेळी दोन वर्षांच्या असलेल्या माझ्या थोरल्या चुलत्याचा होता, म्हाताऱ्या पणजीचा होता. त्यांनी हात वर केला नव्हता. असा निर्णय घ्यायचा हक्क त्याला होता का?

यावर एक उत्तर ताबडतोब येतं. प्रत्येकाच्या घरी विचारायला गेलं असतं तर संप कधी झालाच नसता. दीड लाख माणसांच्या घरी, डोंगराडोंगरांतून, कोण जाणार होतं? आणि तिसरा साचा गळ्यात पडला असता तर तोटा घराचाच होता. तिघांतला जो एक कमी झाला असता तो कदाचित आजाच असता. त्यानं घरासाठीच केलं. हे उत्तर खोटं नाही. मी त्या ठिकाणी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

दुसरं उत्तर उलट्या बाजूनं येतं, आणि त्याची मला भीती वाटते. ते म्हणतं, बघा, संप करणारे दुसऱ्याच्या पोटावर पाय देतात, म्हणून संप वाईट. हे उत्तर इंग्रज सरकारनं कायद्यात घातलं. १९२९ च्या औद्योगिक तंट्यांच्या कायद्यानं असं ठरवलं की जो संप आपल्या धंद्यातल्या तंट्याबाहेरच्या हेतूनं होतो आणि समाजाला मोठा, लांबलेला त्रास देऊन सरकारवर दडपण आणू बघतो, तो बेकायदा. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी ८ एप्रिल १९२९ ला दिल्लीच्या असेंब्लीत बाँब टाकले, तेव्हा सभागृहापुढं हेच बिल होतं. समाजाचा त्रास! ज्या समाजाच्या कणगीत भादव्यात दाणा नसतो त्याचा सरकारला एरवी कधी कळवळा आला नव्हता. शेतसाऱ्याचा हप्ता घेताना आला नव्हता. तो कळवळा संपाच्याच वेळी बाहेर निघतो.

म्हणून आजीचं म्हणणं आणि सरकारचं म्हणणं वरवर सारखं दिसलं, तरी मी ते एका दावणीला बांधू देणार नाही. सरकार त्रासाकडं बोट दाखवत होतं ते संप मोडायला. आजी बोट दाखवत होती ते आपणही संपात होतो हे सांगायला. ‘तेनी केलेला का आमी केलेला’ या तिच्या प्रश्नात तक्रारीपेक्षा हक्क जास्त होता.

इथं आणखी एक दार उघडतं, आणि ते उघडल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. आम्ही कुणब्याचं घर. आजा साचेखात्यात होता, जिथं त्यातल्या त्यात पगार बरा. त्या खात्यात महारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागायचा आणि मग विटाळ होतो म्हणे. इंग्रज सरकारचा असा कायदा नव्हता. बरोबरीच्या कामगारांनीच ती भिंत धरून ठेवली होती. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच प्रश्न पुढं केला. विणकामाचं खातं आमच्या माणसांना मोकळं करा, ही मागणी तुमच्या मागण्यांत घाला. नाहीतर आमच्या माणसांनी तुमच्या संपात का उपाशी राहावं? पुढाऱ्यांनी मागणी घातली, पण मनापासून नाही. आणि मालकांना म्हणायला फावलं की ही अडवणूक आमची नव्हेच.

आता सावडीकडं बघा. इतकं कौतुक करून सांगितली ती सावड, पण महारवाड्यातलं घर आमच्या गावच्या सावडीत नव्हतं. ती माणसं रानात राबायची, पण त्यांचा दिवस सावडीचा धरायचा नाही. तो वतनाचा, वेठीचा. तो फेडायचाच नाही. त्याच १९२८ साली मार्च महिन्यात बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं होतं, ते याच न फिटणाऱ्या दिवसांसाठी. म्हणजे संपात गावाच्या बाईला न विचारता तिचा घास धरला गेला, तसा गावात महारवाड्याचा दिवस पिढ्यान् पिढ्या न विचारता धरला जात होता. ज्याला आपण विचारत नाही, त्याचं काम आपल्याला काम दिसत नाही. ते ऊन-पावसासारखं आपोआप येतंय असं वाटतं.

त्याच माणसांनी पुढं काय केलं तेही सांगायला पाहिजे. ७ नोव्हेंबर १९३८ ला संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या नव्या बिलाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्या दिवशी आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि डांग्यांचे लाल बावटेवाले एका बाजूला उभे होते. दहा वर्षांपूर्वी ज्यांना नीट विचारलं नव्हतं, ते बरोबरीनं हाक द्यायला उभे राहिले. यावरून मला तरी एवढं कळतं की विचारलं, सामावून घेतलं, तर लढा मोडत नाही, वाढतो.

अलिबागजवळच्या चरी गावचं उदाहरण याला जोडून बघण्यासारखं आहे. २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं तिथल्या कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायचीच नाही. आजूबाजूची गावंही त्यात आली, आणि १९३९ पर्यंत, सहा वर्षं, ती जमीन पडीक राहिली. शेतकऱ्यानं शेत न पेरणं म्हणजे काय हे शेतकऱ्यालाच कळेल. जंगलातला लाकूडफाटा विकून, मिळेल ते काम करून लोकांनी दिवस काढले. चरीत भूक गिरणीच्या संपापेक्षा जास्त लांबली. पण ज्या घरानं संप केला, त्याच घरात ती भूक होती. जाळ कमी झालेली चूल संप करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होती. रोज रात्री त्याला तिच्याकडं बघून ठरवावं लागत होतं की उद्याही नाही म्हणायचं का. मुंबईच्या संपात सभा एकीकडं आणि चूल शंभर कोसांवर. अंतर लांब असलं की दुसऱ्याचा त्याग सोपा वाटतो.

आजीला मी शेवटी सरळच विचारलं होतं. म्हटलं, “आज्ये, तुला काय वाटतं? संप केला ते बरोबर केलं का चूक?”

तिनं तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

“बराबर केलं की. तीन साचं एका मानसानं चालवायचं म्हंजे काय मानूस हाय का भूत? बराबरच केलं.”

“मग?”

“मग काय? मला इचारलं अस्तं तर म्या व्हय म्हनलं अस्तं. इचारायला काय पैसं पडत्यात व्हय?”

यापुढं तिला काही सांगायचं नव्हतं. तिला संप नको होता असं नाही, आणि तिला कुणी शाबासकी द्यावी असंही नाही. तिचं एवढंच होतं की जे मी दिलं ते माझ्या हातानं दिलं असतं, तर ते देणं झालं असतं. न विचारता घेतलं, म्हणून ते नुसतं गेलं.

मला वाटतं, त्याग आणि उसनवारी यांतला फरक इथं आहे. माणूस आपलं स्वतःचं सोडतो तो त्याग. दुसऱ्याचं घेऊन मोठ्या कामाला लावतो, ते काम कितीही मोठं असो, ती उसनवारी. उसनवारीत पाप नाही. गरिबाचा संसारच उसनवारीवर चालतो. पण उसनं आणलेलं दान म्हणून मिरवलं, तर लबाडी होते. माझ्या आज्यानं लबाडी केली असं मी म्हणत नाही. तो बिचारा कधी काही मिरवत नसे म्हणतात. मिरवलं ते मागच्यांनी, गोष्ट सांगणाऱ्यांनी.

आणि फेड? संप मिटल्यावर मनिऑर्डर पुन्हा सुरू झाली. ती नेहमीसारखी थोरल्या दिराच्या नावावर यायची, सही त्याची. त्यातनं आधी खाणावळवालीची पाच महिन्यांची उधारी वळती झाली, मग वाण्याची, मग शेतसारा. प्रत्येकाची उधारी लिहिलेली होती म्हणून ती फिटली. बियाण्याची नाचणी कमी पडली म्हणून पुढच्या साली डोंगरातली एक पट्टी पडीक राहिली, ती कुणाच्या हिशेबात धरायची? पुढच्या एप्रिलात, १९२९ ला, दुसरा मोठा संप लागला. तो तर हरला. पहिल्याचं फिटायच्या आत दुसरं अंगावर आलं.

आता ते सगळे गेले. गिरण्याही गेल्या. १९८२ च्या संपात आमच्या भावकीतले काही गावी परतले, तेव्हा रानाच्या इतक्या वाटण्या झाल्या होत्या की कणगी नावालाच उरली होती. पण प्रश्न गेला नाही. २०२१-२२ च्या हिवाळ्यात एसटीचा संप पाच महिन्यांवर चालला, तेव्हा आमच्या गावातल्या एका ड्रायव्हरची बायको रोज दुसऱ्याच्या बांधावर भांगलायला जायची. बातम्यांत आझाद मैदान दिसायचं. ती भांगलण कुठं दिसणार?

यावर काय करायचं, असं कुणी विचारलं तर माझं म्हणणं साधं आहे. संप करू नका असं नाही. नाही म्हणायचा हक्क गेला तर गरिबाकडं उरतं काय? पण संपाची हाक देणाऱ्यानं सावडीचे नियम पाळावेत. गावोगाव जाऊन, नाही जमलं तर चिठ्ठी धाडून, घरात विचारावं. जे विचारायला राहिले त्यांचं येणं वहीत लिहावं. आणि जिंकलं तर जे मिळेल त्यात त्यांचा वाटा आधी काढावा. सभेतल्या खुर्चीपासून पगाराच्या पासबुकावरच्या नावापर्यंत तो वाटा पुष्कळ ठिकाणी काढता येतो.

२४ एप्रिल १८९० ला लोखंड्यांनी मुंबईत महालक्ष्मीला कामगारांची मोठी सभा भरवली होती. दहा हजार माणूस जमलं होतं. रविवारची सुट्टी मागणाऱ्या त्या सभेत दोन कामगार बायकांनी भाषणं केली, अशी नोंद आहे. म्हणजे विचारायची सुरुवात झाली होती. त्या दोघी तिथं उभं राहून आपल्या तोंडानं आपला दिवस मागत होत्या. पुढं अडतीस वर्षांनी आमच्या खोऱ्यातल्या बाईपर्यंत तो रिवाज पोचायला हरकत नव्हती.

यंदा आमच्याकडं लावणीला माणूस मिळत नाही, मजुरीचा दर चढला आहे, सावड बहुतेक मोडली. माझी सून मात्र शेजारच्या दोघींबरोबर अजून धरते. परवा ती घरातनं निघताना मला सांगून गेली की आज त्यांच्याकडं जाते, आपल्यावर दोन दिवस राहिलेत. महारवाडा म्हणायचे त्या आळीतली एक जण त्या दोघींत आहे. तिच्याकडचा एक दिवस आणि दुसरीकडचा एक, असे ते दोन.